दिवसातून सात वेळा

नणंदेला सगळेजण ‘मास्तर’ म्हणत. बाईमाणसाला मास्तर कसं काय म्हणतात, असा प्रश्न वहिनीला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पडला होता. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिलं, “कापड बेततो तो मास्तर. ताई कापड बेतते. यात विचारण्यासारखं काय आहे?”

खरंच नव्हतं. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मास्तर एकोणतीस वर्षं कटिंगच्या टेबलाशी उभ्या होत्या. टेबल खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावर कापडाचे चाळीस चाळीस थर अंथरायचे, वर कागदी साचे मांडायचे, खडूनं रेघा ओढायच्या आणि मग विजेची कात्री चालवायची. हात जरा हलला की चाळीस शर्टांचे खांदे एकदम बिघडणार. मास्तरांचा हात हलत नसे. जिभेला मात्र विसावा नव्हता. कुणाची कॉलर वाकडी दिसली की रस्त्यातसुद्धा त्या थांबत आणि म्हणत, “अहो, हे कुणी शिवलंय? त्याला जरा माझ्याकडे पाठवा.”

त्यांनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ, भावजय आणि त्या, अशी तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. वहिनी पाणीपुरवठा कार्यालयात फोनवर तक्रारी ऐकण्याचं काम करायची. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी यायची आणि घरी आल्यावर मास्तरांची ऐकायची. पण दोघींचं मेतकूट चांगलं जमलं होतं. एक बोलायची आणि एक ऐकायची, त्यामुळे भांडणाला जागाच उरली नव्हती.

मास्तर बावन्न वर्षांच्या असताना वहिनीला पहिल्यांदा शंका आली. संध्याकाळी दोघी बरोबरच जिना चढत होत्या. पहिल्या मजल्यावर मास्तर थांबल्या आणि पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“काय शोधताय, ताई?”

“किल्ली गं.”

किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. त्यांना लागलेला दम वहिनीला ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशीही पहिल्या मजल्यावर किल्ली हरवली. महिन्याभरात ती दुसऱ्या मजल्यावरही हरवू लागली. मग वहिनीनं त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तो अगदी छान होता. वय झालं, वजन वाढलं, थोडं फिरत जा, असं सांगून त्यांनी दम्याचा एक पंप लिहून दिला. पंपानं काडीचाही फरक पडला नाही. पावलं सुजू लागली. मास्तरांनी एक नंबर मोठ्या चपला आणल्या आणि विषय संपवला.

तो संपला नव्हता. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले असताना मास्तर कटिंगच्या टेबलाशीच कोसळल्या. शेजारच्या बायकांनी नंतर वहिनीला सांगितलं, की डोळ्यांपुढे अंधारी येतेय हे कळल्याबरोबर मास्तरांनी आधी कात्रीचं बटण बंद केलं, कात्री थरांपासून बाजूला सारली आणि मग त्या पडल्या. निळ्या कापडाचे चाळीस थर जसेच्या तसे राहिले. “पडायलासुद्धा या बाईची शिस्त!” असं म्हणत त्या बायका रडतही होत्या आणि हसतही होत्या.

मोठ्या रुग्णालयात आधी हृदयाची सोनोग्राफी झाली. मग मानेच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन आतला दाब मोजला. तेव्हा कुठे निदान झालं. डॉक्टरीणबाई वयानं तरुण, बोलायला स्पष्ट. त्यांनी तिघांना समोर बसवलं.

“तुमचा दंडातला रक्तदाब चांगलाच आहे. वाढलाय तो फुफ्फुसांमधला. तिथल्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. हृदयाला तेवढंच रक्त त्यांच्यातून ढकलायला खूप जोर लावावा लागतो. ते थकत चाललंय.”

भाऊ पांढराफटक पडला. मास्तर मात्र विचारात पडल्या. “म्हणजे बाही घट्ट शिवली गेलीय,” त्या म्हणाल्या, “आणि हात काही बारीक होत नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “बरोबर.”

“मग उसवा की.”

“उसवता येत नाही, मास्तर. सैल करता येते, तीही थोडी. आणि रोज करत राहावी लागते.”

पहिले काही महिने गोळ्यांवर गेले. थोडं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. मग श्वासातून घ्यायचं औषध आलं. हे फुफ्फुसात जिथं हवं तिथंच पोहोचतं, बाकीच्या शरीराला त्याचा त्रास कमी होतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अडचण एकच होती. त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. म्हणून दिवसातून सात वेळा ते घ्यायचं, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे, आणि एकही वेळ आपल्या मनानं चुकवायची नाही.

तळहातावर मावेल एवढं यंत्र. काचेची इवलीशी कुपी फोडायची, औषध त्यात ओतायचं, नळी तोंडात धरायची आणि संथपणे श्वास घेत राहायचं. औषधाचं धुकं होऊन आत जातं. आठ-दहा मिनिटांनी यंत्र ‘टुक’ करून संपल्याचं सांगतं. मग त्याचे भाग धुवायचे, वाळवायचे, की पुढची वेळ तोंडाशी आलेलीच.

पहिला आठवडा वहिनीला जन्मभर विसरता येणार नाही. नळी तोंडात धरली की मास्तरांना खोकल्याची उबळ येई. चेहरा लालबुंद होई. डोकं ठणके. जेवायला बसल्यावर पहिल्या घासालाच जबडा असा दुखे की डोळ्यांत पाणी येई. पाचव्या दिवशी त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं.

“हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. श्वास घेणं हीच नोकरी झालीय. मग जगायचं कधी?”

पंधरा वर्षं तक्रारी ऐकून वहिनीला एक गोष्ट कळली होती. चिडलेल्या माणसाला धीर द्यायचा नाही, कामाचं काहीतरी विचारायचं.

“ताई, तुमच्याकडे कापड कमी आलं की तुम्ही काय करता हो?”

मास्तरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “मला शिकवतेस?”

“छे. विचारतेय.”

मास्तर उठल्या. साच्यांचा जाड कागद जमिनीवर पसरला, पट्टी घेतली आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस त्यावर आखायला बसल्या. सहा, साडेआठ, अकरा, दीड, चार, साडेसहा, नऊ. या सात वेळा खडूनं गडद केल्या. मध्ये उरलेल्या जागेत काम, जेवण, जिना, आंघोळ, झोप. जिना फक्त औषधानंतर. जड काम कधीच नाही. तासाभरानं कागद भिंतीवर लागला. “निघतोय दिवस,” त्या म्हणाल्या. “जरा तोकडा निघतोय, पण निघतोय.”

डॉक्टरीणबाईंनी डोस थोडा कमी करून हळूहळू वाढवला. खोकला ओसरला. जबडा दुखायचा तो दुखतच राहिला. त्यावर मास्तरांनी उपाय काढला. पहिला घास चावायचाच नाही, आधी सूप प्यायचं. त्यांच्यामुळे घरात तिघंही सूप पिऊ लागली.

कारखान्याचे मालक भले गृहस्थ होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं, “मास्तर, तुम्ही घरी बसून कागदी साचे काढा. कारखान्यात सगळीकडे कापडाचं तूस उडतं.”

“कागदावर चूक दिसत नाही, मालक. ती कापडावर दिसते.”

डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळायला दोन महिने लागले, आणि तीही अटी घालून मिळाली. तोंडावर मास्क, बसायला उंच स्टूल, कापडाचे तागे दुसऱ्यांनी उचलायचे, आणि औषधासाठी स्वच्छ जागा. मालकांनी बटणं ठेवायची काचेची खोली रिकामी करून पुसून दिली. अकरा, दीड आणि चार, या तीन वेळा तिथं होऊ लागल्या.

एकदा मास्तर कुप्यांचा डबा घरीच विसरल्या. वहिनीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डबा घेऊन धावत सुटली. अकराला पाच मिनिटं असताना ती कारखान्यात पोहोचली. सव्वीस मशिनं एकाच वेळी चालू होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मास्तर डबा घेऊन काचेच्या खोलीत गेल्या, दार लावलं. आणि वहिनीच्या देखत एकेक मशीन थांबत गेलं. दोन, चार, मग ओळच्या ओळ. बायका पाय लांब करून बसल्या, कुणी मान सैल केली, कुणी पाणी प्यायलं. कोणी मोठ्यानं बोललं नाही.

“काय झालं? वीज गेली का?” वहिनीनं दाराजवळच्या बाईला विचारलं.

“नाही हो. त्या यंत्राचा टुक आवाज मास्तरांना ऐकू यायचा नाही या गोंगाटात. मग आम्ही जवळच्या दोघी थांबायला लागलो. मग सगळ्याच.” ती बाई हसली. “मालकांनी आधी घड्याळ बघितलं होतं. पण चार वाजताच्या थांब्यानंतर उलट्या शिलाया पडेनाशा झाल्या, तेव्हापासून गप्प आहेत.”

काचेपलीकडे मास्तर ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून, शांतपणे श्वास घेत. वहिनीला एकदम भरून आलं. तिनं घाईघाईनं जिना उतरायला घेतला.

दर तीन महिन्यांनी रुग्णालयात चालण्याची परीक्षा असे. तीस मीटरची मार्गिका, दोन्ही टोकांना पिवळ्या पट्ट्या, सहा मिनिटांत किती अंतर होतं ते मोजायचं. पहिल्या वेळी मास्तर दोनशे चाळीस मीटर चालल्या होत्या. नव्या औषधावर तीन महिने झाल्यावर सिस्टरनं हसत आकडा सांगितला, “तीनशे तीस!”

मास्तर खुर्चीवर बसून दम घेत होत्या. पिवळ्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, “सिस्टर, ही लांबी तीस मीटर नाही.”

“मास्तर, सगळे यावरच चालतात.”

“चालू देत. पण तीस नाही.”

त्यांनी पिशवीतून शिवणाचा टेप काढला. वहिनीला गुडघ्यांवर बसवलं, आणि नणंद-भावजयींनी रुग्णालयाची मार्गिका इंचाइंचानं मोजली. येणारेजाणारे थांबून बघत होते. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांबी साडेअठ्ठावीस भरली. लादी बदलताना कुणीतरी पट्टी चुकीच्या जागी लावली होती.

“म्हणजे तुमचे गुण कमी होणार की,” सिस्टर म्हणाली.

“होऊ देत. माझे खोटे वाढलेले नकोत. आणि ज्याचे खरंच कमी झालेत, त्याचा आकडा चांगला दिसून त्याचं औषध अडून राहायला नको.”

पट्टी त्याच दिवशी बदलली. मास्तरांचे तीनशे साडेतेरा झाले. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा स्वतःच्या हातानं फाइलमध्ये लिहिला आणि म्हणाल्या, “तरीही उत्तम आहे.”

याच सिस्टरनं वर्षभरानं मास्तरांना मदतीसाठी फोन केला. एक बस ड्रायव्हर होते, आता आगारात कार्यालयीन कामावर. तोच आजार, तेच औषध. पण दिवसाच्या वेळा त्यांनी सोडून दिल्या होत्या. घरी सकाळ-संध्याकाळ तेवढं घेत. कुणाचंच ऐकत नव्हते.

मास्तर चारच्या सुमारास वहिनीबरोबर आगारात पोहोचल्या. ड्रायव्हर धिप्पाड गृहस्थ, ओठ निळसर, बाकावर एकटेच बसलेले. आत कर्मचाऱ्यांची ये-जा चालू होती.

“मला उपदेश नको,” ते आधीच म्हणाले.

“मी कुठे करतेय? माझी चारची वेळ झालीय. इथं बसले तर चालेल ना?”

मास्तरांनी रुमाल अंथरला, कुपी फोडली, नळी तोंडात धरली. दहा मिनिटं एक शब्दही नाही. जाणारेयेणारे बघत होते. एकानं थांबून विचारलं, “काय आहे हो हे?” मास्तरांचं तोंड बंद होतं, म्हणून ड्रायव्हरांनाच उत्तर द्यावं लागलं. “औषध आहे. फुफ्फुसांचं.” तो मनुष्य “असं होय,” म्हणून निघून गेला. मग दुसरीनं विचारलं. तिलाही त्यांनीच सांगितलं.

यंत्र वाजलं. मास्तरांनी नळी पुसली.

“बघा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघांना सांगितलंत. कोणी हसलं?”

ड्रायव्हरांनी त्या दोघांच्या दिशेनं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “तीस वर्षं माझ्या भरवशावर लोक बसत होते. त्यांच्यासमोर असं नळी चोखत बसायचं…”

“मी पडले होते सगळ्यांसमोर,” मास्तर म्हणाल्या. “त्यापेक्षा हे बरं दिसतं.”

ड्रायव्हरांना हसू आलं. हसताना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी शेजारच्या टेबलाचा खण उघडला. कामावर वापरायचं त्यांचं दुसरं यंत्र तिथंच होतं, खोक्यात, अजून प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. मास्तरांनी ते उघडलं, नीट जोडून दाखवलं. “पण आज लगेच सुरू करू नका,” त्यांनी बजावलं. “दिवसाच्या वेळांत खंड पडलाय. आधी डॉक्टरीणबाईंना विचारा. मी सिस्टरला फोन लावून देते.” आणि त्यांनी तिथल्या तिथं लावून दिला.

या गोष्टीला आता सहा वर्षं होऊन गेली. आजार गेलेला नाही, तो जाणारा नाहीच. मध्ये एकदा दाब पुन्हा वाढला, अठरा दिवस रुग्णालयात काढावे लागले, आणखी एक गोळी वाढली. तिघंही तळमजल्यावर राहायला आली. मास्तर आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात जातात, विजेची कात्री आता त्यांनी तयार केलेल्या दोघीजणी चालवतात, आणि मास्तर स्टुलावर बसून त्यांच्या चुका काढतात. ड्रायव्हर आगारात बाकावर बसून औषध घेतात. महिन्यातून एकदा रुग्णालयात नव्या रुग्णांना यंत्र कसं जोडायचं ते दोघं मिळून दाखवतात. मास्तर बोलतात, ड्रायव्हर हात धरून करून दाखवतात.

परवा असाच एक नवा रुग्ण आला होता, पावभट्टीतला कारागीर. घाबरून विचारत होता, “रोज सात वेळा? आयुष्यभर?”

वहिनी दाराशी उभी होती. मास्तर आता काहीतरी धीराचं बोलतील असं तिला वाटलं.

“तुम्ही कामाला किती वाजता उठता?” मास्तरांनी विचारलं.

“साडेतीनला.”

“मग तुमची पहिली वेळ साडेतीन. इकडे या, बसा. कागद आणा गं कुणीतरी, मोठा आणा.”