माणूस दुमडायचा नाही!

पत्रकाचा मथळा मीच दिला होता. खाली ठळक अक्षरांत: उंचावरून पडलेल्याला ओढू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. स्टेशनजवळच्या केबिन रोडवर आम्ही प्रथमोपचाराच्या वर्गातले काही जण टेबल टाकून ती पत्रकं वाटायचो आणि लोक त्यांत वडापाव गुंडाळून न्यायचे. न्या. वडा संपल्यावर तरी वाचाल.

हा राग उगाच नव्हता. आमच्या चाळीतले एक काका प्लास्टर करताना परांचीवरून पडले. चौघांनी हातपाय धरून त्यांना उचललं आणि रिक्षात कोंबलं. मान छातीवर, गुडघे पोटाशी. रिक्षात आडवा माणूस मावत नाही, म्हणून माणूसच दुमडायचा, ही इथली पद्धत. डॉक्टर म्हणाले, मणका मोडला तो पडल्यामुळे, पण पाय बहुतेक उचलताना गेले. काका अजून खाटेवर आहेत. उचलणारे चौघंही भले लोक होते, संताप त्याचाच येतो.

मी प्रथमोपचाराचा वर्ग केला तो त्यानंतर. एका दुपारी जवळच्या मुर्धा गावात पत्रकं वाटत होते, तेव्हा समोरच्या अर्धवट इमारतीवरून एक गवंडी खाली आला. वाळूच्या ढिगावर आपटला आणि घरंगळून जमिनीवर पडला.

"उठाव, उठाव! रिक्षा बुला!" मुकादम ओरडला. चौघं वाकलेसुद्धा.

"हात लावायचा नाही!"

"मॅडम, बाजूला व्हा. मरेल तो."

"श्वास चाललाय, शिव्या देतोय. इतक्यात मरत नाही. दुमडलात तर मात्र पाय जातील त्याचे."

त्याची बायको तिथेच विटा वाहत होती. दोघं मराठवाड्यातले. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"घोटभर तर पाजू द्या, ताई!"

"नाही. पोटात मार असला तर ऑपरेशन लागेल. भूल दिल्यावर हेच पाणी उलटून फुप्फुसात जाईल."

तिला ते पटलं नाही, तोंडावर दिसत होतं. मी तिला डोक्याशी बसवलं. "दोन्ही हातांनी डोकं धरा. इकडे नाही, तिकडे नाही." मांडीतून रक्त येत होतं, मुकादमाचाच गमछा घडी करून तिथे ठेवला आणि त्यालाच दाबायला लावला. दाबता दाबता त्याचा आवाज खाली आला.

"पायाची बोटं हलवा," मी गवंड्याला म्हटलं.

डाव्या पायाची हलली. उजव्याची जरा थांबून हलली.

"हलतायत. आता दवाखान्यापर्यंत ती तशीच हलत राहिली पाहिजेत."

स्लॅब ओतताना खाली लावतात ते सेंट्रिंगचं एक लांब प्लाय मागवलं. मी एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळ्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकसंध कुशीवर वळवलं, प्लाय पाठीखाली सरकवलं, मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि कुणीतरी आणलेल्या जुन्या साडीच्या पट्ट्यांनी त्याला प्लायला बांधून टाकलं. रस्त्यावर मासळीच्या बर्फाचा टेम्पो उभा होता.

"बर्फाचा टेम्पो हाय, मानसाचा न्हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"आज माणसाचा. आणि हळू चालव."

वाटभर खड्डे. वाटभर गवंडी मला म्हणत होता, "पाणी दे गं, भवाने!" त्याची बायको दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून माझ्याकडे जळजळीत बघत होती. बघू दे. मी त्याचे पाय बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्यावर टोचलं. बोटं आखडली, दोन्ही पायांची. एक्स-रे फोटोत मणक्याला चीर निघाली. प्लायवरून त्याला खाली घेताना डॉक्टरांनी त्यांच्या माणसांना दम भरला, "सरळ धरा. इथवर सरळ आणलाय."

काही महिन्यांनी केबिन रोडवर आमच्या टेबलासमोर कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस उभा राहिला. मागे त्याची बायको. मी पत्रक पुढे केलं, त्याने ते बाजूला सारलं.

"कागद ऱ्हाऊ दे. आधी पाणी दे. तवाचं ऱ्हायलंय."

मी माझी बाटली दिली. बसायला स्टूल दिलं, ते त्याने पायानेच ढकललं. उभ्या-उभ्याच सगळी बाटली संपवली.