अधिक माघ

आम्ही निघालो तो माघातला दिवस होता. सांगलीच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीत सामान चढलं, आमच्या ह्यांनी तीनदा पासपोर्ट चाचपून पाहिले, तरी आईचा पत्ता नाही. मग आली, कृष्णेवरून थेट. निऱ्या ओल्या, केस ओले. लेक परदेशी निघाली म्हणून माघस्नान चुकवणारी ती बाई नव्हेच. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात इतके गार की मी दचकले. तर म्हणते कशी, "थंडी पहिल्या बुडीपुरती असते गं. मग पाणी आपलं होतं."

मला वाटलं, नदीबद्दल बोलतेय.

त्र्याण्णव सालची ही गोष्ट. ह्यांना रुवैसच्या रिफायनरीत नोकरी लागली होती, निखिल चार वर्षांचा. तुम्ही इकडे राहिलेल्या बायका म्हणायचात, काय बाई मजा आहे, चोवीस तास एसी, नळाला चोवीस तास पाणी. आणि ज्या माझ्यासारख्या तिकडे गेल्या त्यांना ठाऊक आहे की अबूधाबीपासून गाडीनं अडीच-तीन तास वाळवंट तुडवलं की रुवैस येतं, आणि आलं तरी काही आल्यासारखं वाटत नाही. एका बाजूला रिफायनरीची ज्वाळा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आमची एकसारखी घरं. पहिले दोन महिने मी दार चुकून शेजारच्या उम्म तारेकच्या घरात शिरायचे. उम्म तारेक म्हणजे तारेकची आई; ती इजिप्तची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती मला चहा पाजून, हाताला धरून घरी सोडायची.

तिसऱ्या वर्षी मी आजारी पडले. म्हणजे आजारी म्हणायचं की नाही हेच कळेना. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठावंसं वाटेना. पडदा उघडायला हात उचलेना. भात लावताना डोळ्यांतून पाणी, आणि दुपारी उगीच छातीत अशी धडधड की वाटे, आत्ता काहीतरी होणार. कारण विचाराल तर एक सांगता यायचं नाही. सगळं होतं हो. सगळं असूनही मी तिथे नव्हते. निखिल शाळेतून येऊन विचारायचा, "आई, आर यू स्लीपिंग अगेन?" आणि मी भिंतीकडे तोंड करायची.

अबूधाबीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या, हे लपवत नाही. पण ह्यांचा धीर सुटला. ड्युटीवरून येऊन एकदा शांतपणे म्हणाले, "मार्चअखेरीचं तिकीट बुक करून ठेवतो. तू सांगलीला जाऊन राहा वर्षभर. निखिलला मी बघेन." त्यांचा जीव तुटत होता हे मला आज कळतं. तेव्हा मात्र एकच शब्द कानात घुमत राहिला. आमच्याकडे म्हणतात ना, 'माहेरी पाठवून दिली'. तशी आपली पाठवणी होणार, आणि पोर इथे राहणार. आणि एकदा गेले की मी काही परत येणार नाही, हेही मला आतून माहीत होतं.

फ्रिजशेजारी भारतातून मागवलेलं पंचांगाचं कॅलेंडर होतं. त्यात दिसलं, उद्या पौषी पौर्णिमा. माघस्नान सुरू. मी म्हटलं, "अहो, मी महिनाभर समुद्रावर स्नानाला जाणार आहे. व्रत आहे." मला डोकं बरं नाही म्हणून पाण्यात जायचंय, असं कोण म्हणणार? व्रत म्हटलं की कुणी प्रश्न विचारत नाही.

लोकांना वाटतं, गल्फ म्हणजे भट्टी. जानेवारीत या म्हणावं, पहाटे. समुद्रावर धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नाही. पंजाबी ड्रेस अंगावर, पायाखाली गार वाळू. सोबतीला उम्म तारेक, थर्मास घेऊन. मी घोट्याएवढ्या पाण्यात थरथरत उभी, आणि ती मागून म्हणायची, "यल्ला, यल्ला." चल, चल. मग बुडी. श्वास छातीतच अडकायचा. ती धडधड, जी दुपारी उगीच व्हायची, ती आता खऱ्या कारणासाठी व्हायची, आणि गंमत बघा, कारण मिळालं की ती घाबरवत नाही. मग हळूहळू श्वास लांब होई. पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली मी, उथळातच चार हात मारायची आणि उताणी तरंगायची. वर धुकं, त्यात ज्वाळेचा केशरी डाग. कान पाण्याखाली. वाटे, मी सांगलीतही नाही, रुवैसमध्येही नाही. दोन्हींच्या मध्ये पाणी आहे, आणि तेवढ्या जागेत मी आहे.

बाहेर आले की हातपाय सुन्न आणि भूक लागलेली. भूक! किती महिन्यांनी. निखिल म्हणाला, "आई, युअर लिप्स आर ब्लू." मी म्हटलं, शिरा खाणार का? आठवडाभरात पडदे उघडायला लागले. सगळं बरं झालं नव्हतं. दिवसातला एक तास मात्र माझा झाला होता.

आणि माघी पौर्णिमा आली. व्रत संपलं. दुसऱ्या पहाटे मी टॉवेल घेऊन निघाले तर हे नाईट ड्युटीवरून दारातच भेटले. "संपलं ना गं माघस्नान?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा अधिक माघ आहे."

अधिक माघ! अधिक श्रावण ऐकलाय, अधिक ज्येष्ठ ऐकलाय. अधिक माघ कुणी ऐकलाय का? हे फ्रिजपाशी गेले. कॅलेंडरवर पुढच्याच पौर्णिमेला होळीचा आकडा ठळक लाल. बराच वेळ वाचत उभे राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असेल. इथलं पंचांग वेगळं असेल."

दहा वाजता ट्रॅव्हल एजन्सीला त्यांचा फोन ऐकला. "तिकीट कॅन्सल. हां, खलास."

शुक्रवारी टेलिफोन बूथवरून आईला सगळं सांगितलं. खोटं बोलले, तेही व्रताच्या नावानं. कार्ड संपलं की काय म्हणून मी हॅलो हॅलो करतेय. मग ती हळूच बोलली, "तुझा धाकटा भाऊ गेला ना, त्या साली माझाही होता अधिक माघ. चैत्रापर्यंत. सासूबाईंनी एकदाही तिथी विचारली नाही."

तेव्हा मला ते गार हात पुन्हा गालावर जाणवले.

आता आम्ही सांगलीत परत. आई नाही. रुवैसची स्वप्नं पडतात, त्यात धुकं असतं आणि कुणीतरी मागून यल्ला म्हणतं. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी गोंधळते. पूर्वी पत्ता सांगायचे. आता वाटतं, ज्या माणसाजवळ आपलं खोटं राहू शकतं, ते घर. मन जड झालं की अजून मी पहाटे नदीवर जाते, आणि हे पायरीवर टॉवेल घेऊन बसतात. परवा घाटावर एक नवी सून विचारत होती, "काकू, कार्तिक संपला, आता कसलं हो स्नान?"

मी बोलायच्या आत हेच म्हणाले, "अधिक माघ आहे हिचा."