दोन्ही हातांनी घेतलेलं नाणं

झिम्बाब्वेतल्या मास्विंगो शहराच्या मुचेके वस्तीत शाळा उघडायच्या आठवड्यात सेकेसाईशी वाद घालायला कुणी जात नाही. तोंडात टाचण्या, गळ्यात मापाची टेप आणि पुढ्यात अर्ध्या वस्तीच्या पोरांचे गणवेश. शनिवारी देते म्हणाली की शनिवारी. शुक्रवारी विचारायला गेलेल्याला ती अशी काही बघते, की तो आपल्या पोराचं नावसुद्धा विसरतो. आठ वर्षांपूर्वी मात्र अशाच एका आठवड्यात ह्या बाईचं राहतं घर हातचं जायला आलं होतं. कारण काय, तर तिचं चांगलं वळण.

घर तीन खोल्यांचं. विटा तिच्या शिवणकामातून आल्या होत्या, वरचे पत्रे नवऱ्याने आणले होते आणि कागदावर नाव त्याचंच होतं. झिवानाई सरहद्दीपर्यंत ट्रक चालवायचा. सरहद्दीवर त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे वस्तीला ठाऊक होतं, सेकेसाईलाही होतं. थोरली रुवा आणि पाठचा मुलगा शिकतायत, तोवर कशाला तमाशा, म्हणून ती गप्प होती. तेवढंच तिचं चुकलं, असं माझं मत आहे.

एका सकाळी मोठा दीर जोसाफत आला. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे मोठेबाबा, सासऱ्याच्या जागी. ती मशीन सोडून उठली, गुडघे टेकून बसली, ख्यालीखुशाली विचारली. त्याने मूठ पुढे केली. तिने रीतीप्रमाणे हळूच टाळी वाजवली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. आईने चालायला शिकवलं त्याच महिन्यात हे शिकवलेलं. ओंजळीत पडलं एक नाणं.

गुपुरो. नवऱ्याने बायकोला द्यायचं सोडचिठ्ठीचं नाणं.

"घेतलंस," जोसाफत म्हणाला. "आता हे तुझ्या आत्याला नेऊन दे आणि महिनाअखेर घर मोकळं कर. झिवानाई तिकडचीला इथे आणतोय. पोरं आमची राहतील. लग्नात गाई मोजून दिल्यात तुझ्या बापाला."

"मोठेबाबा, मला काय माहीत मुठीत काय आहे ते!"

"घेतलंस ना? टाळी वाजवून घेतलंस. संपलं."

ती नाणं घेऊन गेली, तेव्हा एस्नाथ आत्याने कपाळावर हात मारला. "अगं रुवाच्या आई, हात मागे ओढायचास! जमिनीवर पडू द्यायचंस!"

"ओढले असते, तर तूच म्हणाली असतीस, भावाची पोरगी उर्मट निघाली."

"म्हणाले असते," आत्याने कबूल केलं. "पण आता इलाज नाही बाई. माझ्याकडे ये. स्वयंपाकघरात कोपरा आहे."

"मी कोपऱ्यात मावत नाही, आत्या. आणि माझं मशीन तर मुळीच नाही."

रागाने तिचे कान तापले होते. आत्याच्या घरून निघाली ती तडक कोर्टाच्या खिडकीशी. आतली बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"लग्न कसं झालेलं?"

"गाई दिल्या, जेवणावळ झाली."

"आणि नोंदणी?"

सेकेसाईला आठवलं. चर्चमधल्या पाद्रीबुवांनी हट्टाने दोघांना ह्याच इमारतीत आणलं होतं. तो कागद मशीनच्या खणात, रिळांखाली होता. वीस वर्षांत कुणी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेंगा बाजूला सरकल्या. "मग ऐक. नोंदलेलं लग्न नाण्याने मोडत नाही. मोडलं तर इथे, मॅजिस्ट्रेटसमोर. तोवर तू बायको आहेस, आणि तुला घराबाहेर कुणाला काढता येत नाही."

"घर त्याच्या नावावर आहे."

"नाव कुणाचं एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. विटा कुणी आणल्या, चूल कुणी सांभाळली, तेही विचारतं."

"आणि पोरं? गाई दिल्यात म्हणतात."

"दिल्या असतील. पोरांचं भलं कुणापाशी, ते बघतील. गाईंना कोण विचारतंय?"

महिनाअखेर जोसाफत हातगाडी घेऊन आला. सेकेसाईने मशीन उंबऱ्यातच आणून ठेवलं होतं आणि ती गणवेशाची बाही जोडत होती. ह्या वेळी ती उठली नाही, गुडघेही टेकले नाहीत.

"मोठेबाबा, आजपासून तुमच्या हातून मी काही घेणार नाही. पाणीसुद्धा."

"वस्ती काय म्हणेल तुला?"

"वस्तीचे गणवेश माझ्याकडे आहेत. शनिवारपर्यंत काही म्हणायची नाही."

गाडी रिकामीच परत गेली. आणि दुसऱ्या दिवशी घटस्फोटाचा अर्ज सेकेसाईनेच टाकला. "मला तरी कुठे त्याच्यासोबत राहायचंय?" ती आत्याला म्हणाली. "पण जायचं असेल तर तो जाईल."

कोर्टात जोसाफतने शपथेवर सांगितलं, की हिने टाळी वाजवून, दोन्ही हातांनी, राजीखुशीने गुपुरो घेतला. मॅजिस्ट्रेटबाईंनी सेकेसाईकडे पाहिलं.

"खरं आहे?"

"खरं आहे, बाई. मोठ्यांनी हात पुढे केला की आमचे हात आपोआप जातात. ह्यांनी साप पुढे केला असता, तर तोही मी दोन्ही हातांनी घेतला असता. ते माझं वळण होतं. राजीखुशी नव्हती."

मॅजिस्ट्रेटबाईंनी तिचा कागद पाहिला, वीटभट्टीवाल्याच्या पावत्या पाहिल्या, दोन्ही मुलांशी बोलल्या. तीन तारखांनंतर निकाल लागला. घटस्फोट मंजूर. ट्रक झिवानाईचा. घर सेकेसाईचं, आणि मुलं तिच्यापाशी.

बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं उभी होती. सेकेसाईने ओढणीच्या गाठीतून काहीतरी सोडवून मुठीत घेतलं आणि वीस वर्षं नवरा असलेल्या झिवानाईसमोर जाऊन उभी राहिली.

"रुवाच्या बाबा, तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली होती."

तिने मूठ पुढे केली.

झिवानाई काही वाईट घरचा नव्हता, त्याच्याही आईने त्याला चालायच्या वयात हेच शिकवलं होतं. त्याने हळूच टाळी वाजवली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.