खंडेनवमीला उघडी पडलेली गाडी

तुमच्या आजोबांनी गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचा ठरवला, तेव्हा नवरात्राची अष्टमी होती. दसऱ्याला सकाळी मलकापूरहून माझ्या थोरल्या बहिणीला आणायचं होतं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, आणि दसरा आपल्याकडेच करायचा असं मी तिला कबूल केलं होतं. मी म्हटलं, दसरा होऊ दे, मग उघडा.

"वाटेत तुटला तर बहिणीला घेऊन बांबवड्याला रस्त्यात बसशील?" ते म्हणाले.

गॅरेजात न्या म्हणायची सोय नव्हती. जन्मभर साखर कारखान्यातली यंत्रं सांभाळलेल्या माणसाला त्यात कमीपणा वाटायचा.

टायमिंग बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबरी पट्टा. इंजिनाचं वरचं आणि खालचं चाक तो एका तालात फिरवतो. तो काढण्याआधी दोन्ही चाकं कुठे उभी आहेत याची खूण करावी लागते. एका दात्याचा फरक पडला तरी इंजिन बिघडतं. हे मी गाडीच्या इंग्रजी पुस्तिकेत वाचलं आणि त्यांना मराठीत समजावलं. खुणाही मीच केल्या, लाल नेलपॉलिशने. काढलेले नट डब्यांत घालून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पट्टा निघेपर्यंत संध्याकाळ झाली. मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन आले तर हे पेट्रोलच्या फडक्याने चाकं पुसत होते. वरचं चाक सगळीकडून स्वच्छ व्हावं म्हणून ते फिरवूनही झालं होतं.

"खुणा कुठे गेल्या?"

"उद्या खंडेनवमी. पूजेला गाडी अशी काळीकुट्ट ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी नट खोलायचे सगळे पाने धुऊन पाटावर मांडले गेले. त्यांना हळदकुंकू, उघड्या इंजिनाला झेंडूची माळ. "आता दसरा उजाडेपर्यंत हत्यार हलवायचं न्हाय," आजोबांनी जाहीर केलं. मी घरातली विळी आणि दोन्ही सुऱ्या आणून पान्यांशेजारी ठेवल्या.

दुपारी ताटात वरणभात बघून ते म्हणाले, "भाजी?"

"विळी पूजेला बसली आहे."

कांदा त्यांनी बुक्कीने फोडून खाल्ला. "मुद्दाम केलंस हे," म्हणाले. मी म्हटलं, नियम तुमचा.

संध्याकाळी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, कांद्यासकट. उद्या दुपारपर्यंत वाट बघ, म्हटलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. एवढ्यावर गप्प बसणारी ती नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

दसऱ्याला उजाडताच आजोबांनी पाने उचलले आणि नाइलाजाने शेजारच्या मोटार मिस्त्रींना हाक मारली. ते वाकून बघत हसले. "काकी, तुमच्या खुणा गेल्या तर जाऊ द्यात की. कंपनीच्याच खुणेचा ठिपका हाय हितं. मळाखाली झाकला हुता, काकांनी पुसलं म्हणून दिसला."

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी पुढे कितीतरी वर्षं सोसली.

नवीन पट्टा बसला. मिस्त्रींनी इंजिन हाताने दोनदा फिरवून खात्री केली. झाकणाचे शेवटचे नट आवळत असताना फाटकाशी वडापची, गावोगावची माणसं भरून नेणारी जीप थांबली. पुढच्या सीटवरून काठी टेकत माझी बहीण उतरली.

"पुढची सगळी जागा माझी, म्हटलं डायवरला. दुसरं कोण बसतंय बघू." मग आमचे काळे हात आणि गाडीवरची सुकलेली माळ बघून विचारलं, "झाली व्हय गं गाडी?"

आजोबांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. "तुम्हाला परत सोडायला तयार हाय की," ते म्हणाले.

"आत्ताच आलीया मी, पावणं. आधी जेवायला घाला. आन् कांदा चिरून द्या."

मी पाटावरची विळी उचलली, तिच्यावरचं हळदकुंकू पुसलं आणि आत गेले.