आमच्या गल्लीतली निळी रेष

माझी कथा दिवाळी अंकात आली तेव्हा वाचनालयातल्या एका बुजुर्गांनी मला चारचौघांत विचारलं, यात कथा कुठं आहे? पंचगंगेनं आमच्या गल्लीला धाडलेल्या नोटिसा, एवढंच त्या कथेत होतं. अजून न आलेल्या पुराचं पाणी कुठवर चढणार ते नदी आधीच कळवते आणि लोक त्या उंचीला भिंतीवर निळी रेष मारून तिच्या धाकात जगायला लागतात. प्रत्येक नोटीस आधीच्यापेक्षा आखूड. शेवटच्या पानावर अक्षर नाही, नुसती आडवी रेष. बुजुर्ग म्हणाले, असले प्रयोग परदेशात शोभतात, आपण आपल्या मातीतलं लिहावं. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कोल्हापूरच्या माणसानं म्हैस, तालीम आणि तांबडा रस्सा यांच्यापलीकडं बघायचं नाही असं कुणी ठरवलं? पुढच्या काळाचा विचार करायला आम्हाला परवाना काढावा लागतो का?

मी हायस्कुलात भूगोल शिकवते. शिवाजी पेठेच्या उताराला, पुराचं पाणी येतं त्या टोकाला, माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर मी राहते.

आमच्या मंडळाचा गणपतीतला देखावा दरवर्षी एकच पेंटर करतात. वय साठीच्या पुढं, पूर्वी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. तो अंक त्यांच्या हाती कसा लागला कोण जाणे, पण एका सकाळी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्यो देखावा स्टेजवर मावायचा न्हाय. गल्लीतच करू की." कार्यकर्त्यांनाही ते पटलं. गाडी अडली ती शेवटाला. आमच्याकडं देखावा म्हटला की शेवटी भरदार आवाजात संदेश द्यावाच लागतो. कुणीतरी 'पाणी वाचवा' सुचवलं. दर दोन-चार वर्षांनी जी गल्ली पाण्यात बुडते, तिनं पाणी वाचवायचं! मी सांगितलं, संदेश लावणार असाल तर माझी कथा मला परत द्या. पेंटर माझ्या बाजूनं उभे राहिले, म्हणून निभावलं.

पेंटरांनी गवंड्याकडून पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी आणली आणि घरोघर लेव्हल धरून रेष ओढली. गल्लीच्या वरच्या टोकाला ती गुडघ्याएवढी होती, आमच्या घराला दाराच्या चौकटीवर हातभर. लोक लांबून बघायला आले. संदेश नसल्यामुळं काय बोलावं ते त्यांना कळेना, म्हणून ते आपापली उंची रेषेला लावून बघायला लागले. मला फार बरं वाटलं.

विसर्जन झालं, लाइटी उतरल्या, रेष राहिली. कोल्हापुरात पूररेषा हा शब्द शाळकरी पोराला विचारला तरी माहीत असतो. निळ्या रेषेच्या आत जागा आली की बांधकामाला परवानगी मिळणं मुश्कील. त्यामुळं लोकांना वाटलं, नवी मोजणी झाली. एक गृहस्थ तर सातबारा घेऊनच माझ्याकडं आले.

त्यातच भावाच्या मुलाला, माझ्या भाच्याला, पेठ वडगावची मुलगी सांगून आली. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. तिकडची माणसं घर बघायला आली, पोहे झाले, हसणं-बोलणं झालं. निघताना मुलीच्या वडिलांची नजर दारावर गेली. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, पोरगी पुरात द्यायची न्हाय. ती कथेतली रेष आहे असं भावानं परोपरीनं सांगितलं. त्यांचं उत्तर, कथेला कोण लेव्हल लावतं?

भावाचं डोकं फिरलं. त्यानं मंडळाच्या खोलीत बैठक बोलावली. रेष पुसायची आणि हे सगळं खोटं आहे असं मी मुलीकडच्यांना लिहून द्यायचं, असा ठराव झाला. भाच्याचं उतरलेलं तोंड बघून मला वाईट वाटत होतं. तरी मी उठले.

"काल्पनिक हाय असं लिहून देते. खोटं हाय असं देणार न्हाय." मागच्या पुराची खूण त्या रेषेच्या वीतभर खाली आहे, तीही बघा म्हटलं.

"मग पोराचं लगीनबी तुझ्या कथेतच लाव, आक्का," भाऊ म्हणाला. पुढं आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही आपणहून बोलायला गेले नाही.

रविवारी सकाळी तो चुना कालवून, बादली आणि ब्रश घेऊन दारात आला. मी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले. माझ्या डोक्यावरून मारायचा असेल तर मार म्हटलं. आमचं हे चाललं होतं तेवढ्यात रिक्षातून ती मुलगी आईला घेऊन उतरली. भाच्यानं दिलेला अंक तिच्या हातात होता. ती रेषेखाली उभी राहिली, मान वर करून तिनं बघितलं आणि भावाला विचारलं, "काका, रेषेच्या वर खोल्या किती हायत?"

"दोन, आणि वर गच्ची," भाऊ लगेच म्हणाला. "गॅसचा ओटाबी गेल्या महिन्यातच वर बांधून घेतलाय."

तो ओटा माझ्या सोयीसाठी बांधतोय असं त्यानं मला सांगितलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं, तर त्यानं चुन्याची बादली पायानं हळूच मागं सारली.