बुरूडराजाला बोललेला कोंबडा

मंगळवार, ३ मे १९७७. सकाळपासून उकाडा. मोगरा भरपूर उतरला. गडी दयाराम फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला गेला. हंसाच्या बाळाला कालपासून ताप, डॉक्टरांचं औषध चालू. पुतळाबाई कामावर नाही. बुरूडराजाच्या कोटावर नवस फेडायला गेली आहे.

वाडीच्या मालकीण प्रेमलताबाईंनी दुपारी एवढं लिहून वही मिटली, तेव्हा त्यांच्याकडे फुलं खुडणारी पुतळाबाई सोपाऱ्याच्या कोटासमोर पायातल्या वहाणा काढत होती. काखेत तांबडा कोंबडा, पदराच्या गाठीत हळदकुंकू, फडक्यात गुंडाळलेला कोयता.

कोट म्हणजे खाडीपासून जरा आत, ताडांच्या सावलीत उभा असलेला जुन्या विटांचा मोठा ढीग. कधीकाळी इथवर गलबतं लागायची म्हणतात. नवी नवरी असताना सासूने पुतळाबाईला इथे आणलं होतं. "हा बुरूडराजा. टोपल्या विनता विनता राजा झाला. गरिबाचं आयकतो." तेव्हापासून म्हैस अडली, मुलगा काळूराम मिठाच्या होडीवरून पडला, काहीही झालं की ती राजाला कोंबडी बोलायची आणि ताडांच्या आडोशाला मान कापून फेडायची.

सून हंसा पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा पुतळाबाईने आधीच एक कोंबडी दिली. मूल बारशाच्या आत गेलं. राजाला कमी पडलं असेल म्हणून पुढच्या खेपेला दोन दिल्या. ते जन्मतानाच निळं पडलं. मग तिच्या जिभेला हाड राहिलं नाही. "हिच्या कुशीतच विख हाय," हे ती विहिरीवर बोलली, बांधावर बोलली, हंसाच्या तोंडावर बोलली. तिसऱ्या वेळी कंटाळून नुसतं म्हणाली, "पोर जगलं तर मंग कोंबडा देईन." पोर जगलं. कोंबडा आज देऊ, उद्या देऊ करता करता राहून गेला, आणि काल पोराला ताप भरला. पुतळाबाईने काय ते ओळखलं.

आज कोटापाशी माणसं होती. पांढऱ्या कपड्यांतली, हात जोडून, काही न बोलता बसलेली. विटांवर मेणबत्त्या लावलेल्या. एवढ्या शांततेत कोंबड्याने बांग दिली. माना वळल्या, एक पोरगी फिसकन हसली. कडेला बसलेली, पुतळाबाईच्याच वयाची जिजा सरकून जवळ आली.

"कोंबडा कशाला आणलास गं?"

"राजाला बोललाय."

"कुठल्या राजाला?"

"अगं बाय, बुरूडराजाला! कोटावर येऊन बसलीस नि कोट कोनाचा ते ठाव नाय?"

जिजाने तोंडाला पदर लावला. "बुरूड नव्हे गं, बुद्ध. भगवान बुद्धांचा स्तूप आहे हा. आज पौर्णिमा त्यांचीच."

"ते तुमचं असंल. आमचा बुरूड."

"बरं, दोघांचा धर. पण इथं मुंगीसुद्धा मारायची नाही. आमचं पहिलं शीलच ते, जीव घ्यायचा नाही."

पुतळाबाईने कोयत्याचं फडकं घट्ट धरलं. "नि कोनी घेतला तर? तो काय करतो?"

"काही नाही करत. शिक्षा करणारा नव्हेच तो. वाईट वाटत असेल फार तर."

रागावणारा देव पुतळाबाईला कळत होता. त्याला दिलं-घेतलं की तो निवतो. पण नुसतं वाईट वाटून घेणाऱ्याला काय देणार? ताडांमागची ती जागा तिला बसल्या जागेवरून दिसत होती. तिकडे बघवेना. हळदकुंकू तसंच गाठीत ठेवून ती उठली.

वाटभर कोंबडा काखेत धडपडत होता. रक्त सांडलं, पोर गेलं. दुप्पट सांडलं, पोर डोळेही न उघडता गेलं. या खेपेला काही दिलं नाही, आणि पोर जगलं. बांधावरून चालताना तिने हे पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं. दर वेळी तेच निघालं.

वाडीत आंब्याला झोळी बांधलेली होती. हंसा खाली बसून कळ्या निवडत होती, प्रेमलताबाई ओटीवर होत्या. बाळाला घाम येऊन ताप उतरला होता.

"आई, कोंबडा परत आनलात? राजा घरी नव्हता?" हंसाने हसून विचारलं.

पुतळाबाई मातीतच बसली आणि कोटावर झालेलं सगळं तिने सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "हंसा, तुझ्या कुशीत काय नव्हतं गं. विख माझ्या हाताला होतं."

"पुतळा, भलतंसलतं बोलू नकोस," प्रेमलताबाई म्हणाल्या. "कोंबड्या कापल्या म्हणून मुलं जात नाहीत. आजाराने जातात."

"मंग बाय, मी हिला एवढी वर्सं बोलले, ते उगाचच?"



हंसाचे हात चालूच होते. पिवळी पडलेली कळी बाजूला, चांगली पाटीत. पुतळाबाईने तिचा हात धरला. "चार शिव्या घाल मला. तुझा हक हाय."

हंसाने हात सोडवून घेतला. "शिव्या घातल्या तर तुमाला बरं वाटंल. म्हनून नाय घालत."

पाटी भरली तशी ती उठली. निजलेल्या बाळाला झोळीतून उचलून खांद्यावर घेतलं. "हा कोंबडा घरी नको," ती म्हणाली. "रोज पहाटं आरवंल, नि रोज मना तेच आठवंल." आणि ती चालू लागली.

पुतळाबाईने झोळीच्या लुगड्याची गाठ सोडली, घडी केली, पुन्हा उलगडून पुन्हा केली. कोंबडा ओटीच्या खांबाला बांधून ठेवला. "असू दे तुमच्याकडं, बाय. कापू नका तेवढा." मग हंसाला गाठायचं नाही अशा बेताने, अंतर ठेवून, ती मागोमाग गेली.

संध्याकाळी दिवा लावल्यावर प्रेमलताबाईंनी दुपारच्याच पानावर खाली लिहिलं: पुतळाबाईचा तांबडा कोंबडा आपल्याकडे. कणी घातली. खुराडं नाही, म्हणून सोडला. पेरूवर बसला आहे.