साळूच्या दारावरची सावली

वेलाला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असा नेम मी एकदा धरला होता. तोही शेजारणीच्या वेलासाठी! अमरावतीच्या आमच्या आळीत सोमवार करणाऱ्या आम्ही चौघीजणी. एकीचा किस्सा निघाला की दुसरीचा त्याला बिलगतोच.

वेल साळूचा. कापसाला भाव आला नि वऱ्हाडातल्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागल्या. साळूचा नवरा गाडीवान. अकोल्यातल्या एका साहेबाच्या बंगल्यावरून त्याने शोभेच्या वेलाची काडी आणली, दाराशी खोचली आणि निघताना म्हणाला, "याची सावली दारावर पडायच्या आत येतो."

श्रावणात वेलाला तीन-तीन पानं फुटली. आमच्यातल्या गंगूबाईंनी बेल समजून ती महादेवाला वाहिली आणि बोटं खाजवत बसल्या. साळू म्हणाली, "माय, देवाले खाज सुटली त तो कोणावर कोपन?"

मग हा वेल कशाचा, यावर रोजचा वाद. माझ्या माहेरी अंजनगावला द्राक्षाचा मांडव होता. वडील दाखवायचे, आधार धरणारा तो कुरळा तणावा काकडीला पानाच्या कुशीतून फुटतो, द्राक्षाला पानाच्या समोरच्या अंगाने. इथेही समोरूनच. "द्राक्षाची चुलतबहीण हाय," मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी गंगूबाई टोपली घेऊन हजर!

थंडीत पानं लाल झाली, गळाली. गाडीवानाचा निरोप नाही. वाळका वेल दारात नको, असं आळी म्हणू लागली. साळूने खुरपं उचललं. मी नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. तेव्हा धरला तो नेम.

चैत्रात वेल पालवला, पण दारावर चढेना. एकदा पाहते तर साळू चौकटीला लागलेला तणावा हलक्या हाताने सोडवून मागे फिरवतेय.

"कावून वं?"

"सावली दारावर पडली त त्यायले उशीर झाला असं होईन ना, काकू."

मी तिचा हात धरून ठेवला. तणावा पुन्हा चौकटीला लागला.

वैशाखातल्या एका दुपारी तांब्या घेऊन गेले. आत साळू भाकरी थापत होती. वेलाखाली, दाराकडे पाठ करून, धुळीने भरलेला गाडीवान बसला होता. मागे वळायची त्याची छाती होत नव्हती.

"काकू, सावली दारावर पडली काय?"

दार निम्मं सावलीत बुडालं होतं.

"नाही रे बाप्पा. बोटभर राहिली."

तुमच्याही अंगणात एखादा वाळका वेल असेल. उपटू नका. रोज तांब्याभर पाणी घाला, मगच जेवा.